हो म्हणजे येस नव्हे

कशेळ्याच्या सरकारी दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून रुजू झाले तेव्हा मला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल, तर तो 'हां'चा. डोंगरातल्या वाड्यांवरून बाया पोरं घेऊन यायच्या, बाक रिकामं असलं तरी खाली भिंतीला टेकून बसायच्या आणि मी काहीही विचारलं तरी 'हां' म्हणायच्या. गोळ्या दिल्या का? हां. दिल्या नाहीत ना? हां. ताप उतरला? हां. मग हे अंग एवढं तापलंय कशानं? हां. "हां काय हां! तोंडात दुसरा शब्द नाही का?" असं मी ओरडले की नर्स खिडकीबाहेर बघायला लागायची आणि बाई आणखी मान खाली घालून म्हणायची, "हां, बाई."

मी ओरडायला काही कुठल्या बंगल्यातून आले नव्हते. आमचं घर पळसदरीचं. बा घाटाच्या लाइनीवर गँगमन होता. आमच्या वस्तीनं बुद्धाचा धर्म घेतला तेव्हा मी शाळेत नुकती जायला लागले होते, आणि बाच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती, पोरीनं इंग्रजी शिकायचं. त्याला स्वतःला इंग्रजीतले दोनच शब्द येत, 'येस' आणि 'साब'. ट्रॉलीवरून साहेब आला की बा रुळाच्या बाजूला उभा राहून तेवढे म्हणायचा. मलाही त्यानं तेच शिकवलं होतं. "सायबानं काय बी इचारलं तरी आदी हो म्हनायचं गं. मग काय ते आपलं सांगायचं. तोंडावर नाय म्हनलं की मानूस पुढचं आयकतच नाय."

मी शिकले, राखीव जागेवरून मुंबईला मेडिकलला गेले, एम.डी. झाले. राखीव जागेवरून आलेल्या मुलीनं शहाणपणा करायचा नसतो हे तिथे मला वेळोवेळी बजावण्यात आलं, आणि मी तो वेळोवेळी केला. मग नोकरी घेतली ती मुद्दाम कर्जतच्या बाजूला.

दवाखान्यात एक आजार मला छळत होता. वाड्यांवरची काही मुलं वर्षाचीही होत नाहीत तोच त्यांच्या हातापायांवर सूज यायची, बोटं टरारून फुगायची, हात लावला की ती किंचाळायची. डोळे पिवळे, पोट पुढे. बाया म्हणायच्या, वारं लागलंय. अंगारा लावून व्हायचा, बेंबीजवळ डाग देऊन व्हायचा, मग दवाखाना. एका बाईचा पहिला मुलगा असाच गेला होता आणि आता मांडीवरची मुलगीही त्याच वाटेनं निघाली होती. त्या मुलीचं रक्त मी मुंबईला, मला कॉलेजात शिकवलेल्या सरांकडे नेलं. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या होत्या. रक्ताचाच दोष, आईबापांकडून आलेला. पण कुठल्या वाड्यांत किती, कोणाला सौम्य, कोणाला जिवावरचा, आणि या पोरांना जगवायचं कसं, याची काही म्हणजे काही माहिती आमच्याकडे नव्हती.

सरांनी विलायतेतल्या एका संशोधकाशी माझं सूत जुळवून दिलं. त्यांचा अशा रक्ताचा अभ्यास होता. सरांमार्फत मी त्यांना मुलांच्या रक्ताचे नमुने आणि सोबत टिपणं पाठवायला लागले. त्यांनी मला डॉक्टरेटसाठी घ्यायची तयारी दाखवली, शिष्यवृत्तीची सोय झाली. उरली फक्त इंग्रजीची परीक्षा. ती सगळ्याच परदेशी विद्यार्थ्यांना द्यावी लागे. सर म्हणाले, "ती काय गं, नुसती औपचारिकता. डॉक्टरकी काय संस्कृतातून केलीस?"

मी त्या बाईला सांगितलं, "मी तिकडे जाऊन याच दुखण्याचं शिकून येते. मग तुझ्या पोरीचं बघू." तिनं पोरीला पदरात घेतलं आणि म्हणाली, "हां." त्या 'हां'वर मी चिडले नाही.

डॉक्टरकी मी इंग्रजीतूनच केली होती हे खरं. पण इतकी वर्षं इंग्रजी मी वाचलं, लिहिलं, रात्ररात्र पाठ केलं. बोलले फक्त तोंडी परीक्षेत, आणि तिथे तर हाडाचं नाव, नसेचं नाव, जंतूचं नाव सांगितलं की काम भागतं. इंग्रजीत माझ्याशी कोणी हवापाण्याच्या गप्पा मारल्या नव्हत्या. म्हणून मी कंबर कसली. ट्रान्झिस्टरवर इंग्रजी बातम्या लावायचे आणि त्यांच्या मागोमाग बोलायचे. मला धास्ती होती ती 'ह'ची. आमच्या घरात आमी, तुमी चालायचं. तोंडातून 'ह' कधी गळून पडेल याचा नेम नव्हता. साहेबासमोर 'हार्ट'चं 'आर्ट' झालं तर सगळं मुसळ केरात. मी आरशासमोर उभी राहून हार्ट, हेड, हँड असं घोकायचे आणि नर्स दाराआडून हसायची. तोंडाला फेस आला, पण 'ह' बसला.

परीक्षा मुंबईत झाली. लेखी उत्तम गेली. टेपवरचं संभाषण ऐकून उत्तरं लिहायची होती, तीही बरी गेली. शेवटी तोंडी. एका खोलीत एक गोरे, सडपातळ साहेब बसले होते. माणूस सभ्य, खरं सांगते. उठून उभे राहिले, खुर्ची दाखवली. मला धीर यावा म्हणून त्यांनी विचारलं, प्रवासात त्रास नाही ना झाला?

मी म्हटलं, "येस सर."

ते "अरेरे" अशा अर्थाचं काही म्हणाले. मला कळेना, त्रास झाला नाही याचं यांना वाईट का वाटावं. त्यांनी विचारलं, माझं बोलणं समजायला अडचण तर येत नाही ना?

"येस सर," मी चांगलं ठासून म्हटलं.

तेव्हापासून ते एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं बोलायला लागले. मला वाटलं, यांना मी ठार बहिरी वाटते की काय! माझा चेहरा तापला. पुढचा प्रश्न, पदवी मिळाल्यावर तिकडेच राहून जायचा विचार नाही ना? येस सर. त्यांनी खाली बघून काहीतरी लिहिलं, बराच वेळ लिहिलं. मी समजावून सांगायला लागले की मला माघारी कशेळ्याला यायचंय, तिथे मुलं आहेत. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. माझी वाक्यं लहान होत गेली.

मग त्यांनी माझ्या विषयावरचं विचारलं. त्या मुलांवर सध्या तुमच्याकडे काही उपचार नाही, असंच ना?

"येस सर."

ते पुढे झुकले. खरोखर उत्सुकतेनं म्हणाले, असं? कोणता उपचार?

"नो ट्रीटमेंट, सर," मी म्हटलं.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

निकाल सरांकडे आला. लेखी चांगलं, परंतु समोरच्याचं साधं बोलणं समजत नाही, उत्तरं विसंगत देते, सबब अपात्र. परीक्षा पुन्हा देता आली असती, पण बऱ्याच महिन्यांनी, आणि जागा तोवर थांबणार नव्हती. सर म्हणाले, "तू सगळ्याला येस म्हणालीस काय गं?" मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. इंग्रजीत त्रास झाला नसेल तर 'नो' म्हणायचं, समजायला अडचण नसेल तर 'नो' म्हणायचं. एवढंच. मी 'ह' घोकत बसले होते आणि घात केला तो बालपणापासून तोंडात असलेल्या पहिल्यावहिल्या इंग्रजी शब्दानं.

मी आजही या गोष्टीवर भांडायला तयार आहे. आपलं 'हो' हे विचारणाऱ्या माणसाला असतं. तुम्ही म्हणता ते बरोबर, मला त्रास झाला नाही, असं त्यात सगळं येतं. त्यांचं 'येस' माणसाकडे बघतच नाही, त्रास झाला की नाही तेवढंच बघतं. कोणाचं शहाणं आणि कोणाचं खुळं हे कोणी ठरवलं? पण हे भांडण करायला जे इंग्रजी लागतं ते माझ्याकडे आलं तेव्हा फार उशीर झाला होता.

पळसदरीला जाऊन बाला सांगितलं. तो निवृत्त झाला होता, अंगणात बसून खोकत होता. त्याला उमजेना. "तू हो म्हनलीस ना सायबाला?"

"म्हटलं."

"मंग चुकलं कुटं?"

मला तिथे रडू आलं. तोवर आलं नव्हतं.

थोड्या दिवसांनी सरांनी बोलावून घेतलं. जरा अवघडून म्हणाले, "ते तिकडचे म्हणतात, झालं ते वाईट झालं, पण रक्ताचे नमुने मात्र पाठवत राहा. सोबतची तुझी टिपणं फार स्वच्छ इंग्रजीत असतात म्हणे." मी हसले. असं हसले की प्रयोगशाळेतली माणसं वळून बघायला लागली. माझं इंग्रजी पोरांच्या रक्ताच्या बाटलीला चिकटून गेलं तर त्यांना चालत होतं, माझ्या तोंडून गेलं तर चालत नव्हतं.

पाठवणार नाही, खड्ड्यात जा, असं म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर होतं. पण दुखणं सौम्य की जिवावरचं हे सांगणारी तपासणी इथे होत नव्हती आणि वाडीवरच्या पोरीची बोटं पुन्हा सुजली होती. मी तिच्या पायातल्या शिरेतून रक्त घेतलं. त्या बाईनं विचारलं, "तू जानार व्हतीस ना शिकाया?" मी म्हटलं, नाही जमलं. ती माझ्या हातातल्या बाटलीकडे बघत राहिली. "मंग पोरीचं रगतच जायाचं व्हय?" मी थर्मासात बर्फ घालून बाटली मुंबईला पोचवली, सोबत स्वच्छ इंग्रजीतलं टिपण जोडलं.

भादव्यात पोरगी गेली. एकदम ताप चढला, पोट टम्म झालं, आणि ओढ्याला पाणी असल्यामुळे तिला दवाखान्यात आणलंच नाही. मला कळलं तेव्हा मातीही देऊन झाली होती. दिवाळीनंतर सरांकडे गेले तर त्यांच्याकडे तिकडचा निरोप येऊन पडला होता. बाटलीतलं रक्त वाटेत गोठलं, तरी त्याच मुलीचा नमुना पुन्हा पाठवावा. सरांना मी काय ते सांगितलं. मी वाटभर, कर्जतपर्यंत आणि पुढे एसटीत, मनातल्या मनात त्या दूरच्या माणसांना शिव्या देत आले. त्यांचा काही दोष नव्हता हे मला कळत होतं. पण म्हणून शिव्या थांबल्या नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात ती बाई पुन्हा आली. आधीचं रक्त वाटेत नासलं, हे मी तिला वाडीवर जाऊन सांगितलं होतं. मांडीवर नवं मूल होतं, तीही मुलगीच. सूज नव्हती, डोळे पांढरे स्वच्छ होते, अजून काहीच दिसत नव्हतं. मी काही विचारायच्या आत तिनं धडप्यातून मुलीचं पाऊल बाहेर काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"हिचं घे," ती म्हणाली. "पर या येळेला तू सोता तिकडं घेऊन जा. वाटंत नासू देऊ नगं."

मी हो म्हटलं, आणि तिला ते खरं वाटलं.