सुभेदारांचा हुकूम

“कशासाठी?” हा सुभेदारांचा लाडका प्रश्न. सकाळची हजेरी झाली की ते एकेका गार्डसमोर उभे राहत.

“गेट नंबर दोनसमोर गाडी लावू द्यायची नाही, सर.”

“ते कळलं. कशासाठी?”

“आगीचा बंब आत यायला पाहिजे, सर.”

मग पुढचा गार्ड.

अंधेरीच्या आमच्या औद्योगिक वसाहतीत ते सुरक्षाप्रमुख होते, मी कमिटीच्या ऑफिसात कारकून. निवृत्त फौजी तुम्हीही पाहिले असतील. भरघोस मिशा आणि चहासोबत लढाईच्या गोष्टी. आमच्या सुभेदारांना मिशा नव्हत्या, आणि गोष्टी सांगायचा भलताच कंटाळा होता.

टीव्हीवर कुठल्याशा देशाची लढाई चालू असली की आम्ही कारकून मंडळी सेनापती व्हायचो. कोणी ड्रोन सोडायचं, कोणी क्षेपणास्त्रं. एकदा ते वैतागले. “गप रव रे जरा! आजच्या लढाईत पहिला मरतो तो वायरलेस. शत्रू तो जाम करतो. मग खंदकातल्या शेवटच्या जवानाला साहेब काय सांगणार? आपण इथे कशासाठी बसलोय, हे त्याला आधीच ठाऊक पाहिजे.”

आम्ही माना डोलावल्या आणि पुन्हा क्षेपणास्त्रं सोडली.

दर गुरुवारी ते सगळ्यांचे वॉकीटॉकी बंद करून सराव घेत. आम्हाला तो पोरखेळ वाटायचा.

एका दुपारी बी इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या पॅकिंगच्या कारखान्याला आग लागली. सुभेदार गच्चीवर अडकलेल्या बायकांना खाली आणत होते. वॉकीटॉकीवर सगळे एकदम ओरडत होते, कोणाचं काही कळत नव्हतं. गेट नंबर दोनवर सुरेखा होती, नोकरीला आठ महिने झालेली. तिची नजर चुकवून एका कारखानदाराने नवी कोरी गाडी नेमकी गेटात लावली होती. सुरेखाने काच फोडली, हँडब्रेक सोडला आणि चार हमालांना घेऊन गाडी बाजूच्या भिंतीपर्यंत ढकलली. बंब आत आला. सगळी माणसं सुखरूप बाहेर पडली.

गाडीवाला कमिटीचा मेंबर होता. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये त्याने सुरेखाला काढायची मागणी केली. तिच्या घरात कमावणारी ती एकटीच.

“काच फोडायचा हुकूम तिला कोणी दिला?”

“मी,” सुभेदार म्हणाले.

“तुम्ही तर गच्चीवर होता. वॉकीटॉकीही चालत नव्हता.”

“हुकूम आठ महिन्यांपूर्वीच दिला होता. गेट कशासाठी मोकळं ठेवायचं, ते सांगितलं होतं. तिने तेवढंच केलं. कोणाला काढायचंच असेल, तर हुकूम देणाऱ्याला काढा.”

त्यांनी राजीनामा टेबलावर ठेवला. कमिटीला सुटल्यासारखं झालं. मी कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहीत होतो. बोलायला हवं होतं, बोललो नाही. त्याची लाज अजून वाटते. इतका मोठा माणूस मी जवळून दुसरा पाहिलेला नाही.

शेवटच्या दिवशी त्यांनी शिट्टी, ओळखपत्र आणि टोपी माझ्याकडे जमा केली. गेटपर्यंत सोडायला मी गेलो. सुरेखाने त्यांना पाहताच कडक सलाम ठोकला. फौजेत उघड्या डोक्याने सलाम करत नाहीत. त्यांचा हात वर निघाला आणि थांबला. त्यांनी डब्याची पिशवी खाली ठेवली, टाचा जुळवल्या आणि तिच्यासमोर सावधान उभे राहिले. मागे रिक्षा हॉर्न वाजवत होत्या. सुरेखाचा हात खाली येईपर्यंत सुभेदार हलले नाहीत.