जर्मन न येणारी जर्मन गायिका

मॅडमना जर्मनचा एक शब्द येत नव्हता आणि त्यांच्या जर्मन गाण्यांच्या तीन रेकॉर्ड्स बाजारात होत्या.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी म्युनिकजवळच्या गार्चिंगला पीएचडी करत होतो आणि म्युनिक शहरात एका विधवा बाईंच्या घरी खोली घेऊन राहत होतो. समोरच्या खोलीत या मॅडम. मूळच्या इंग्लंडच्या, तिशीच्या आसपासच्या. तिकडे त्यांची एक रेकॉर्ड निघाली होती, ती कुणी घेतली नाही. इथल्या एका कंपनीने मात्र त्यांना बोलावून घेतलं. कंपनीवाले गाण्याचे शब्द इंग्रजी उच्चारांप्रमाणे लिहून द्यायचे, मॅडम ते पाठ करायच्या. अर्थ विचारायच्या नाहीत. मी एकदा आपणहून सांगायला लागलो तर म्हणाल्या, "नको. कळलं तर गाताना मला हसू येईल."

उच्चार तर भयंकर. 'मी' म्हणताना जर्मन माणूस हळुवार 'इश' म्हणतो, तिथे यांचं ठणठणीत 'इक'. घरमालकीणबाई रेडिओपाशी बसून त्या 'इक'वर बेहद्द खूश व्हायच्या. लोकांना गोडी त्या चुकांचीच आहे, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

एका सकाळी मॅडम पाव न घेताच बेकरीतून परत आल्या. तिथे एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांना ओळखलं होतं. मॅडमचा हात धरून त्या बाई बराच वेळ काहीतरी सांगत राहिल्या. मॅडम सवयीने हसत मान डोलावत होत्या. बाई रडायला लागल्या तरी यांच्या चेहऱ्यावर हसू तसंच. मग बाई हात सोडून निघून गेल्या.

"ती काय सांगत होती, ते मला आता कधीच कळणार नाही," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी मला विचारलं, जर्मन शिकवशील का.

मी हौसेने शिकवलं. जीभ 'ई'ची ठेवून ओठ 'ऊ'चे करायचे, हा उच्चार त्या आरशासमोर तासन्‌तास घोटायच्या. आठेक महिन्यांत त्या घरमालकीणबाईंना आपल्या शाळेतल्या गमती सांगू लागल्या.

चौथ्या रेकॉर्डच्या वेळी त्या मला स्टुडिओत घेऊन गेल्या. सुरेख गायल्या, एक अक्षर चुकलं नाही. काचेपलीकडे कंपनीचे साहेब बसून होते. गाणं संपल्यावर बाहेर येऊन ते अगदी अदबीने म्हणाले, "असं आहे, आता तुम्ही आमच्या मुलींसारख्याच गाता. तशा मुली आमच्याकडे पुष्कळ आहेत." ती रेकॉर्ड निघालीच नाही आणि करारही तिथेच संपला. परतताना ट्रॅममध्ये मी दोघांची तिकिटं काढली. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

पुढे त्यांनी वाद्यांच्या दुकानात नोकरी धरली आणि तिथेच पियानो सुरात लावणाऱ्या जर्मन कारागिराशी लग्न केलं. मी पुण्याला परतलो. दर नाताळला त्यांचं पत्र यायचं, जर्मनमध्ये. एका वर्षी मी धीर करून लिहिलं, मी शिकवलं नसतं तर बरं झालं असतं का?

उत्तर आलं ते इतकंच: "तुझ्या शिकवण्याने माझं गाणं गेलं, हे खरं आहे, ते मी नाकारणार नाही. पण काल सासूबाईंशी माझं पहिलं कडाक्याचं भांडण झालं, आणि जिंकले मी."