माझी संत्रासालीची पोती कुणी नेली असतील तर

रविवार, २२ फेब्रुवारी २००९, सकाळी सव्वासहा. मी छतावर संत्र्याची साले पसरत होतो, तेव्हा खालून शेजारच्या सुमनकाकूंनी हाक मारली. "बाबू, लवकर ये. गाय उठून नाई राह्यली!"

ज्यूसच्या कारखान्यातली फेकून देण्याची साले मी आणतो, वाळवतो आणि गुरांच्या चाऱ्यात मिसळायला विकतो. काकूंनी आठवड्यापूर्वी एक पोते नेले होते.

गुरांचे डॉक्टर येईपर्यंत गाय गेली होती. त्यांनी उरलेले पोते उलटे केले. वरची साले कडक होती, तळाची बुरशीने काळी पडून चिकटली होती.

"गरमच भरली होती काय रे?"

हो. उंदीर लागू नयेत म्हणून मी उन्हात तापलेली साले लगेच भरतो आणि तोंड दुहेरी शिवतो. आत त्यांना घाम सुटला.

"वास तं संत्र्याचाच येत होता ना," एवढेच काकू म्हणाल्या. त्यांचे घर त्या दुधावर चालत होते.

मित्रांनो, अशी सात पोती मी विकली, त्यातले एक काकूंचे. गावातली चार आज परत आणली. दोन आर्वीच्या बाजारात अनोळखी माणसांनी नेली, त्यांची नावे मी लिहून घेतली नाहीत. पांढरे पोते, तोंडाला निळी दुहेरी शिवण. तुमच्या घरी असे पोते आहे का? आत्ताच घरी फोन करून विचाराल का?

खर्च: ट्रॅक्टर चारशे रुपये, सुतळी तीस. देणे: चार पोत्यांचे दोनशे चाळीस रुपये, आणि काकूंची गाय.