उधाणाची पौर्णिमा

त्या वर्षी दत्तजयंतीच्या दिवशी मी जाणूनबुजून पोहे खाल्ले. टपरीवर बसून, चांगले ताटलीभर, वर शेव घालून. एकवीस वर्षं न चुकता धरलेला उपास मी रागाने मोडला आणि मोडताना मला काडीचंही वाईट वाटलं नाही. दत्तमहाराजांशी माझं बोलणंच बंद होतं. हे लिहायला आज लाज वाटते, पण अनुभव सांगायचा तर आधी आपला करंटेपणा सांगावा, म्हणजे पुढचं सगळं माझ्या पुण्याईने घडलं असं कुणाला वाटायला नको.

राग कशाचा होता? सगळ्याचाच. आमच्या ह्यांनी हिंजवडीतली मॅनेजरची चांगली नोकरी जूनमध्ये सोडली. मला न विचारता. का, तर म्हणे कंटाळा आला. बाहेर मंदी, लोक जीव मुठीत धरून खुर्चीला चिकटलेले, आणि आमच्याकडे हा राजयोग! त्यावर कळस म्हणजे एक जुनी शिडाची बोट विकत घेतली. शीड हाकायला हे कॉलेजात असताना खडकवासल्याच्या धरणात शिकले होते आणि त्या भरवशावर आता अलिबागहून गोव्याला समुद्रातून जाणार होते. मी कर्वेनगरच्या एका शाळेत गणित शिकवते. मला पोहता येत नाही. पण नवऱ्याला एकटं कसं सोडायचं म्हणून रजा टाकून निघाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, हौसेला मोल नसतं. मी म्हटलं, हो ना, आणि अक्कल कुठे विकत मिळत नाही.

चौथ्या दिवशी हवा फिरली. मार्गशीर्षात कधी वादळ होतं का? आमच्यासाठी झालं. रत्नागिरीच्या अलीकडे एका लहानशा बंदरात आम्ही कसेबसे शिरलो. बंदराच्या कचेरीवर तीन नंबरचा बावटा चढला, म्हणजे कुणी बाहेर पडायचं नाही. मच्छीमारांनी आपल्या होड्या खाडीत आत नेल्या. आम्ही दगडी धक्क्याला दोन दोर बांधून राहिलो. त्यानंतरचे सहा दिवस मी कसे काढले ते माझं मलाच माहीत. बोटीतली खोली म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याखालची जागा. कपडे वाळत नव्हते, स्टोव्ह पेटत नव्हता, आणि हे सहा दिवसांत दहा वाक्यं बोलले असतील. शेवटचे दोन दिवस तर बिछान्यातून उठलेच नाहीत. मला वाटलं, आळस. तोंडाला येईल ते बोलले मी. ह्यांनी ऐकून घेतलं, एवढंच.

दत्तजयंतीच्या दुपारी मात्र उठून बसले आणि म्हणाले, "मी उद्या पहाटे निघतोय. तू आज संध्याकाळच्या एसटीने पुण्याला जा."

मी बाहेर बावट्याकडे बोट दाखवलं. समुद्राकडे दाखवलं, धक्क्यापलीकडे लाटा खडकावर फुटत होत्या. एकटे जाल तर बुडून मराल, म्हटलं. ह्यांनी मान डोलावली, जशी भाजी काय आणायची ते ऐकताना डोलावतात तशी. मग माझी पिशवी काढली आणि माझे कपडे एकेक नीट घडी करून तिच्यात भरले. सव्वीस वर्षांच्या संसारात ह्यांनी कधी रुमालाची घडी केली नव्हती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला घालवून द्यायची एवढी घाई! तुमचं काय व्हायचं ते होवो, असं म्हणून मी पिशवी उचलली आणि मागे न बघता चालू लागले.

एसटी आलीच नाही. घाटात झाड पडलं होतं. पावसाची सर आली म्हणून थांब्याशेजारच्या पत्र्याच्या देवळात शिरले, तर समोर दत्तमहाराजच. जन्माची तयारी चालली होती, पाळणा बांधलेला, सगळं गाव तिथे लोटलेलं. मी मागे भिंतीला टेकून बसले. हात जोडले नाहीत. मनातल्या मनात मात्र भांडायला सुरुवात केली. म्हटलं, एकवीस वर्षं तुझे गुरुवार केले. कधी सोनंनाणं मागितलं? माणूस धड ठेव म्हटलं, बस. तेवढंही जमत नसेल तर देव कशाला झालास? आणि ह्यांना बुडवायचंच असेल तर उद्या मला पुण्यात फोनवर कळव, माझ्या डोळ्यांदेखत नको. असलं सगळं मी जयंतीच्या दिवशी देवाला सुनावत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

शेजारी माझ्याच वयाची एक कोळीण बसली होती. तिने विचारलं, शिडाच्या बोटीतल्या त्या तुम्हीच ना? मी मान हलवली. तिने रडण्याचं काही विचारलं नाही. म्हणाली, "आज पुनव हाय. पानी पार तळाला जाणार. दोर सैल केलेत ना?"

मी म्हटलं, पौर्णिमेचा आणि दोराचा काय संबंध? ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. तिचंही बरोबर होतं. आम्ही पुण्याची माणसं. पौर्णिमा म्हणजे सत्यनारायण, नाहीतर जयंती. धरणाचं पाणी काही संध्याकाळी उतरत नाही. आम्ही बंदरात आलो ती नवमी होती, तेव्हा भरती-ओहोटी बेताची असते, आणि ह्यांनी दोर त्या अंदाजाने बांधले होते. पौर्णिमेला उधाण येतं, पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली जातं, आणि दोर सोडत गेलं नाही तर बोट दोरावर टांगली जाते. हे तिने मला उभ्या उभ्या, चपला शोधता शोधता सांगितलं. जन्माला पाच मिनिटं उरली असतील. सगळ्या बायका पाळण्याकडे सरकत होत्या, आणि ही पायरीवरचा नारळ फोडायचा कोयता उचलून माझ्या पुढे धावत सुटली.

मी धक्क्यावरून खाली वाकून बघितलं. पाणी दोन पुरुष खाली गेलं होतं. बोट भिंतीला दोन दोरांवर कलती लटकली होती, आणि हे त्या उतारावर गुडघे टेकून होते. ताणलेला दोर सोडवायला गेले तेव्हा तो निसटून पुन्हा आवळला होता आणि ह्यांच्या उजव्या हाताची बोटं दोर आणि लोखंडी खुंटीच्या मध्ये सापडली होती. चेहरा पांढराफटक. ओरडले असतील, पण त्या वाऱ्यात कोण ऐकणार? सगळं गाव देवळात. ती बाई भिंतीतल्या शिडीने सरसर खाली उतरली, ह्यांना म्हणाली, घट्ट धरा, आणि दोन घावांत दोन्ही दोर तोडले. बोट धाडकन चिखलात बसली. सुकाणू मोडल्याचा आवाज मी वरून ऐकला. तेवढ्यात देवळातली घंटा सुरू झाली. जन्म झाला होता.

दोघींनी ह्यांना वर ओढून घेतलं. रक्ताळलेली बोटं मी ओढणीत गुंडाळली आणि तोंडाचा पट्टा सुरूच ठेवला. नोकरी सोडायची अवदसा आठवली नसती तर ही वेळ आली असती का, वगैरे. हे खाली बघून म्हणाले, "मी सोडली नाही. मला काढलं. अर्ध्या तासात टेबल रिकामं करायला लावलं." मग म्हणाले, "उद्या निघणार होतो. कुठे पोचायचं, ते ठरवलं नव्हतं."

कळायला क्षणभर वेळ लागला. कळलं तेव्हा मी त्यांच्या पाठीत दोन धपाटे घातले, सणसणीत, आणि मग गळ्यात पडून भर धक्क्यावर हंबरडा फोडला. आयुष्यात एवढा राग मला कधी आला नव्हता आणि एवढी माया कधी दाटून आली नव्हती. ती बाई शांतपणे कोयता पुसत उभी होती.

सुकाणूशिवाय बोट कुठे जाणार? तिथेच एकाला देऊन टाकली आणि घाट मोकळा झाल्यावर आम्ही एसटीने परत आलो. सदाशिव पेठेतल्या एका डॉक्टरांकडे हे वर्षभर जात होते, मनाच्या डॉक्टरांकडे. आता बरे आहेत. दोन बोटं वाकत नाहीत. निघताना मी त्या बाईच्या पाया पडायला गेले तर तिने मागे पाय घेतला. म्हणाली, बंदरात कुणाची का होडी असेना, पुनवेला दोराचं विचारायचं असतंच. तिच्या लेखी ते तेवढंच होतं, आणि मीही त्याला दुसरं नाव देत नाही. वादळाला शिव्या दिल्या, न आलेल्या एसटीला दिल्या, देवाला दिल्या. त्यातलं काही एक जरी माझ्या मनासारखं झालं असतं, तर मी आज हे लिहायला बसले नसते.

गुरुवार पुन्हा सुरू केले आहेत. राग अजूनही येतो. पण आता देवाने काय करावं ते मी त्याला सांगत नाही. त्या संध्याकाळी मी त्याच्या दारात प्रार्थनेला गेलेच नव्हते, भांडायला बसले होते. बसले होते, एवढंच माझं. बाकी सगळं त्याने केलं.