कसंबाई आणि भिंतीवरच्या चिठ्ठ्या

सज्जनहो, देवाने ही सृष्टी घडवली तेव्हा हात आखडता घेतला नाही. लिंबाला आंबटपणा दिला, दगडाला जडपणा दिला, मांजराच्या पाठीला मऊपणा दिला. आणि हे सारे सांगावे म्हणून माणसाला जीभ दिली. आणि दुसरीतली एकतीस लेकरे या अपार पसाऱ्याला एकच शब्द वाहून मोकळी होत होती: छान. लिंबू छान, दगड छान, मांजर छान. गुडघा सोलवटला तरी तोही छानच निघाला असता.

त्यांच्या बाईंना पाठीमागे सारी शाळा कसंबाई म्हणे. सव्वीस वर्षे त्या एकच प्रश्न विचारीत आल्या होत्या, पण कसं आहे ते? घरीही सुटका नव्हती. यजमानांनी एकदा भाजी छान झाल्याचे सांगितले, तेव्हा ती तिखट झाली आहे की अळणी, हे कळेपर्यंत त्यांच्या पानात दुसऱ्यांदा भाजी पडली नाही.

यंदा मात्र त्यांच्या जिवाला घोर लागला होता. गुरुवारी तपासनीस बाई येणार होत्या. समोरची वस्तू कशी आहे हे मुलांना सांगता आले नाही, तर दुसरीचा वर्ग नव्या शिक्षिकेकडे जाणार होता आणि कसंबाई जुन्या कागदपत्रांच्या खोलीत. तिथे कपाटेच कपाटे, आणि लेकरू एकही नाही.

चित्रे दाखवून झाली, कोडी घालून झाली, घसा बसला, उत्तर एकच. शेवटी वैतागून त्यांनी चिठ्ठ्या केल्या. दारावर ‘जड’, भिंतीवर ‘खरखरीत’, घड्याळावर ‘गोल’, कोपऱ्यातल्या गादीवर ‘मऊ’. चार दिवसांत मुले घडाघडा बोलू लागली. कसंबाईंना वाटले, देव प्रसन्न झाला बाबा एकदाचा.

बुधवारी वर्ग सुटल्यावर शिपाईमामांनी पाहुण्यांसाठी खोली साबणाने धुतली. चिठ्ठ्या आधी काढल्या आणि नंतर पुन्हा लावल्या. कुठली कुठे होती ते आठवेना. पण कामात कसूर करणे त्यांच्या रक्तातच नव्हते. सुताराचा डिंक आणला आणि एकूण एक चिठ्ठी सरळ रेषेत, पक्की चिकटवली.

गुरुवारी कसंबाई तपासनीस बाईंच्या मागोमाग वर्गात शिरल्या आणि पाहतात तो भिंतीवर ‘मऊ’ चिकटलेले. पण बोलायला सवड कुठली? तपासनीस बाईंनी तिसऱ्या बाकावरच्या अबोल मुलीला उठवून विचारले, भिंत कशी आहे?

“मऊ.”

तपासनीस बाई हसल्या. हात लावून सांग, म्हणाल्या. पोरीने तळहात भिंतीवर दाबला, नीट फिरवला.

“मऊ.”

“टोचत नाही का गं हाताला?”

“टोचतंय. पण लिहिलंय ना मऊ.”

मग दार गोल निघाले, घड्याळ जड निघाले. मामा दाराआड कान धरून उभे राहिले. कसंबाईंना त्यांचा राग आला नाही, आला तो स्वतःचा. देवाने दिलेला हात लेकराला खरे सांगत होता आणि बाईंच्या कागदाने त्याला गप्प बसवले होते. त्या दुपारी त्यांनी नखांनी चिठ्ठ्या खरवडल्या. डिंक इतका इमानी, की निम्म्या तशाच राहिल्या.

हुकूम शुक्रवारी आला: सोमवारपासून वर्ग नव्या शिक्षिकेचा. शनिवारी कसंबाई वर्ग सुपूर्द करायला कार्यालयात मुख्याध्यापकांसमोर बसल्या. नोंदवहीत प्रत्येक मुलापुढे शेऱ्याचा रकाना असे. मागची पाने उलटली आणि त्यांचा हात थबकला. सव्वीस वर्षांची पाने, अक्षर त्यांचेच, आणि शेरे तीन-चारच: चांगला, बरा, कच्चा. क्वचित कुठे ‘ठीक’. सज्जनहो, जिने जगाला ‘कसं’ विचारले, तिने आपल्या लेकरांना कसे पाहिले ते तिथे शाईने लिहिले होते. त्यांना रडू आले नाही. संताप आला, इतका की पेनाचे टोक कागदात रुतले.

मग त्या लिहीत सुटल्या. एक हट्टी पण दिलदार, एक खोडकर, एक हळवा, एक चौकस, एक धांदरट. रकाना पुरेना, शब्द समासात उतरले. मुख्याध्यापकांनी दोनदा घड्याळ पाहिले, तिसऱ्यांदा घसा खाकरला. तीस मुले झाली. एकतिसाव्या नावापाशी पेन अडले. ती तिसऱ्या बाकावरची मुलगी. शांत? ते तर तिच्या तोंडाचे झाले. आत ती कशी होती? बाईंनी डोळे मिटले, कपाळ चोळले, काही सुचेना. शेवटी वही मिटून पुढे सरकवली.

मुख्याध्यापक म्हणाले, “अहो बाई, एक जागा राहिली. ‘चांगली’ टाका आणि मोकळ्या व्हा.”

“नाही टाकणार.”

“रकाना भरल्याशिवाय वर्ग सुपूर्द झाला असं मला लिहिता येत नाही.”

“मग नाही झालेला. सहा महिने पोर माझ्यासमोर बसतेय आणि ती कशी आहे ते मला ठाऊक नाही. सोमवारी तिच्याजवळ बसते, कळलं की लिहिते.”

“आणि नव्या शिक्षिकेला काय सांगू?”

“म्हणावं, जरा थांब.”