चौऱ्याण्णव नंबरचा बिल्ला

आमच्या वारज्याच्या विहारात बुद्धपौर्णिमेला मुलांची वक्तृत्व स्पर्धा असायची. आदल्या वर्षी निकालावरून बरीच कुजबुज झाली होती, म्हणून या खेपेला बाबांनी नियम काढला: परीक्षकांना नावं सांगायची नाहीत, मुलांनी छातीवर नंबरचा बिल्ला लावायचा. बिल्ले कुठल्याशा क्रीडास्पर्धेतले उरलेले, त्यामुळे नंबर सलग नव्हते. पिशवीत हात घालायचा आणि येईल तो घ्यायचा. मला चौऱ्याण्णव आला.

बाबा मूळचे नागपूरकडचे, इथे सरकारी कचेरीत कारकून. तेव्हा पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, आणि कॉलेजच्या पोरांशेजारी बसून ते टायपिंगचा प्रोग्रॅम शिकले होते. त्यात तक्ता आखता येतो आणि बेरीजही आपोआप होते, याचं त्यांना भारी कौतुक. क्लासवाल्यांचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर मागून त्यांनी रिक्षातून विहारात आणला. यंदा निकाल माणूस लावणार नाही, असं माइकवरून जाहीरही केलं.

मी चार वाक्यं बोलले आणि पुढचं साफ विसरले. नुसती उभी राहिले. समोरून बाबा ओठ हलवून काहीतरी सुचवत होते, पण मला एक अक्षर कळेना. शेवटी हात जोडले, खाली उतरले आणि आईच्या पदरात तोंड लपवलं.

थोड्या वेळाने बाबांनी कागद वाचला. पहिला नंबर, चौऱ्याण्णव.

टाळ्या धड पडल्याच नाहीत. मी मान वाकवून माझा बिल्ला पुन्हा वाचला. गप्प उभं राहण्यालाही गुण असतात की काय, असं मला खरंच वाटून गेलं.

परीक्षकांमधल्या निवृत्त मुख्याध्यापिका उठल्या. "अहो, ही आपलीच कन्या ना?"

"हो," बाबा म्हणाले.

"तरीच."

बाबांचा चेहरा उतरला. आतापर्यंत बिल्ल्यांचा हट्ट धरणारा माणूस सगळ्यांसमोर लबाड ठरत होता, आणि तो माझ्यामुळे. मला रडूच कोसळलं. त्यांनी कॉम्प्युटरला बेरजा पुन्हा करायला लावल्या, पुन्हा छापल्या. आकडे तेच.

मग मुख्याध्यापिकांनी कागद ओढून घेतला आणि पेनने बेरजा सुरू केल्या. "हिला चौऱ्याण्णव गुण जास्त. त्या एकोणीसवाल्याला एकोणीस जास्त. अहो, आपला कॉम्प्युटर बिल्ल्यालाही गुण देतोय!"

तसंच झालं होतं. डावीकडच्या सगळ्या आकड्यांची बेरीज कर, असं बाबांनी प्रत्येक ओळीत लिहिलं होतं, आणि सगळ्यात डावीकडे बिल्ल्याचा नंबर होता. नवा निकाल लागला. एकोणीसवाला मुलगा पहिला आला, मी शेवटची. मुख्याध्यापिकांनी आपला "तरीच" मोठ्या आवाजात मागे घेतला. मला केवढं हलकं वाटलं.

घरी जाताना स्कूटरवर मी मागून विचारलं, "बाबा, मी तर धड बोललेच नाही. मी पहिली आले तेव्हा तुम्हाला शंका नाही आली?"

"कायची शंका?" बाबा म्हणाले. "मला वाटलं, परीक्षकांनाही आवडलं असन."