बिनडोळ्यांचा गणपती चालू लागला

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, जोहे गावातल्या आमच्या कारखान्यात, सकाळच्या चहाच्या वेळी, हातभर उंचीचा, पांढराफटक, डोळे न आखलेला एक गणपती फळीवरून निघून उजव्या हाताला चालू लागला. घटनेला साक्षीदार एकच, तो म्हणजे मी. बाकी सगळ्यांचं म्हणणं, गणपती होता तिथेच होता. ते बरोबर होते. पण मीही खोटं बोलत नव्हतो, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

कारखाना म्हटल्यावर धुराडं आणि भोंगा डोळ्यांपुढे आणू नका. पत्र्याची लांब शेड, दोन्ही अंगांना भातशेती, आणि आत जमिनीपासून छपरापर्यंत फळ्यांवर गणपती. घरोघरी जाऊन पूजा होईपर्यंत आमच्या लेखी तो माल. देव नंतर. माती, साचा, रंग ही कामं वाटून घेतलेली असतात. डोळे शेवटी, आणि ते एकाच हाताने. तो हात माझा. पेणपर्यंत कोणालाही विचारा, मी स्वतःच सांगत फिरतो म्हणून सगळ्यांना माहीत आहे.

कारखान्यात कायदा एकच. फळीवरची मूर्ती घसरताना ज्याला दिसेल त्याने ओरडायचं, “माल चालला!” जो जवळ असेल त्याने हातातलं काहीही टाकून आधी ती धरायची आणि ओरडायचं, “धरला!” मग बाकीच्यांनी श्वास सोडायचा.

तर मी ओरडलो, “माल चालला!”

थोरल्या भावाने कपबशी सोडली आणि झेप घेऊन गणपतीला मिठी मारली. बायकोने दुसऱ्या बाजूने पकडला. दोघं एकमेकांकडे बघत राहिली, मधे गणपती, ढिम्म.

“धरला,” भाऊ म्हणाला. “पण पडत व्हता कुठं?”

“पडत नव्हता. चालत होता.”

“चालत?”

“सरकत सरकत. उजवीकडे.”

बायको म्हणाली, “अवो, रात्री जेवलात ना नीट?”

दुपारपर्यंत शेजारची काकी नारळ घेऊन हजर. गणपती हलला म्हणजे त्याने कौल दिला, तिच्या लेकीचं लग्न ठरणार. भावाने तिला दारातच अडवलं. “काकी, हा माल हाय, देव नाय. अजून डोळे नाय आखले याला, तुझ्या लेकीकडं बघंल कुठून?” काकी नारळ घेऊन परत गेली. मला त्या नारळाचं वाईट वाटलं.

पण पुढच्या दिवसांत ते पुन्हा झालं, आणि पुन्हा. डाव्या बाजूच्या फळीवरचे गणपती रांगेने निघायचे, एस.टी.ला चढणाऱ्या माणसांसारखे, आणि क्षणभराने जागच्या जागी. मी ओरडायचो, सगळे धावायचे. मग चालत धावायचे. मग मान वर करून नुसतं बघायचे. भाऊ शेवटी म्हणाला, “तू आता ओरडायचं बंद कर. माल ऱ्हाईल, पण आमची छाती फुटंल.”

माझं बूड कुठे टेकेना. ब्रश उचलायचा, ठेवायचा. उगाच पेणला जायचं, स्टँडवर उभं राहायचं, त्याच गाडीने परत यायचं. सणाची घाई चालू, समोर आंधळ्या गणपतींची रांग, आणि एकाही डोळ्याला हात लावायची हिंमत नाही.

अशात एके दिवशी डावीकडच्या वरच्या फळीवरून सिंहासनावर बसलेला मोठा गणपती निघाला. मी बघितलं. म्हटलं, चल बाबा, फिरून ये. भाऊ त्याच्याच खाली उभा होता, हात वर केला असता तरी पुरलं असतं. मी शांतपणे चहा पीत राहिलो, आणि गणपती माझ्या डोळ्यांदेखत जमिनीवर आला. सोंड माझ्या पायाशी.

खरं हलणं आणि खोटं हलणं यातला फरक ज्याला कळत नाही, त्याने आमच्या शेडमध्ये बसायचं कसं? बायकोने पदर खोचला आणि मला पेणच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे डोक्याचे फोटो निघाले, आणि एका शांत आवाजाच्या डॉक्टरीणबाईंनी ते उजेडासमोर धरले.

“बघणं हे एक काम नाही,” त्या म्हणाल्या. “मेंदूत रंग एकीकडे कळतो, चेहरा दुसरीकडे, हालचाल तिसरीकडे.”

“म्हणजे आमच्या कारखान्यासारखंच की! हालचालीचा कारागीर कुठे बसतो?”

“कानाच्या मागे, जरा वर. दोन्ही बाजूंना एकेक. तुमच्या उजवीकडच्याच्या शेजारी एक गाठ आलीय. ती त्याला मधूनमधून डिवचते, मग तो काही नसताना काम करतो. त्यालाच फिट म्हणतात.”

गाठ वाईट जातीची वाटत नव्हती, पण वाढत होती. काढायला हवी होती.

“आणि काढताना तो कारागीरच गेला तर?”

“उजवीकडचा कारागीर डावीकडचं बघतो. तो गेला तर डावीकडची हालचाल तुटक दिसेल. गाडी लांब दिसेल, मग एकदम जवळ. मधली दिसणार नाही.”

“आणि ब्रश?”

बाईंनी फोटो खाली ठेवला. “ब्रशसुद्धा.”

गणपतीच्या पापणीची रेघ एका दमात जाते. डावीकडून उचलली की थांबणं नाही, थांबलात की गाठ पडते आणि देव रागावलेला दिसतो. ब्रश इथे, मग एकदम तिथे, मधला गायब, असं झालं तर मी आखणार काय? ती शेड, ते पाटावर बसणं, “डोळे यांचेच” असं गिऱ्हाइकाने म्हणणं, सगळं त्या मधल्या ब्रशवर होतं.

“म्हणून तुम्हाला जागं ठेवायचं,” बाई म्हणाल्या. “मेंदूला दुखत नाही. आम्ही बारीकसा करंट देऊन ती जागा शोधू. तुम्ही समोर बघून काय दिसतं ते सांगायचं. बोलता येतं ना भरपूर?”

बायको पहिल्यांदा हसली.

तारीख मिळेपर्यंत तिने मला फळ्यांपासून दूर, रोह्याला आपल्या भावाकडे हलवलं. हा मेहुणा धाटावच्या एका कंपनीत इलेक्ट्रिशियन. करंटचं नाव ऐकून तो जेवता जेवता उभा राहिला.

“करंट? उघड्या डोक्याला? भावोजी, आमच्याकडं पॅनलचं झाकण काढायचं तरी परमिट लागतं. खाली रबराची चटई लागते. मेन स्विचला टाळं लावून चावी खिशात ठेवतात!”

“यांचा मेन स्विच बंद करून चालंल व्हय रे?” बायको म्हणाली. “गप जेव.”

पण तिनेही पुढे घास घेतला नाही.

रोह्यात मला करमेना. मेहुणा शिफ्टला गेला की मी कुंडलिकेच्या पुलावर, पुलावरून बाजारात, बाजारातून पुन्हा पुलावर. एका संध्याकाळी मेहुणा सोबत होता. मी बराच वेळ वाहतं पाणी बघत राहिलो आणि मग काठावरच्या दगडांकडे नजर टाकली. दगड उलट्या दिशेने वर निघाले!

“झालं,” मी म्हटलं. “आता दगडही निघाले.”

मेहुण्याने पाण्याकडे टक लावली, मग दगडांकडे बघितलं. “भावोजी, माझेपण निघाले!” आणि तो इतका खूष झाला की त्याने रस्त्याने जाणाऱ्या एका म्हाताऱ्यालाही थांबवून पाणी बघायला लावलं. म्हाताऱ्याचेही निघाले. “शिफ्टचा मामला हाय,” मेहुणा म्हणाला. “पाणी खाली जाताना बघणारी गँग दमली. वरच्या दिशेची गँग ताजी, म्हणून तिचाच आवाज.” नंतर डॉक्टरीणबाईंना विचारल्यावर त्यांनीही असंच काहीतरी सांगितलं, फक्त त्यात शिफ्ट नव्हती.

त्या संध्याकाळी मी थोडा वेळ एका जागी बसलो. दगड सगळ्यांचेच चालतात, हे कळल्यावर जरा बरं वाटलं होतं. पण थोडाच वेळ. कारण हेही कळलं की हलणं बाहेर नसतं, ते आत कोणीतरी हलवतं, आणि त्या कोणाच्या तरी शेजारी आता सुरी जाणार होती.

ऑपरेशनच्या दिवशी डोकं घट्ट बांधलेलं, मान हलवायची सोय नाही. सगळी चुळबुळ जिभेत उतरली. समोर एक नर्स ठिपक्यांचं मोठं चित्र धरून उभी. मास्कच्या वर नुसते डोळे, छान आखलेले, डाव्या भुवईला जरा उतार जास्त. “घाबरायचं नाय काका,” ती म्हणाली, त्यावरून आमच्याच बाजूची असावी.

मागून बाईंचा आवाज आला. “काय दिसतं?”

“ठिपके.”

“आता?”

“ठिपकेच. रांगोळीचे घालून ठेवलेत, पुढे कोणी रेघा ओढेना.”

“आता?”

“डावीकडे काहीतरी लुकलुकलं. गेलं.”

कुठेतरी एक यंत्र टिकटिकत होतं. मला एकाच वेळी पळून जायचं होतं आणि ती जागा सापडायला हवी होती.

“आता?”

आणि ठिपके निघाले. सगळे एकदम, डावीकडून उजवीकडे, सरकत सरकत, थेट कागदाच्या काठाकडे. माझ्या बापाने शिकवलेलं, त्याच्या बापाने त्याला शिकवलेलं जे होतं ते आपोआप बाहेर आलं, पत्र्याची शेड दणाणेल अशा आवाजात.

“माल चालला!”

करंट थांबला. ठिपके जागच्या जागी. बाईंनी न सांगता पुन्हा एकदा तेच केलं, आणि माल पुन्हा चालला, आणि मी पुन्हा ओरडलो. मग त्या शांतपणे कोणालातरी म्हणाल्या, “सापडली. या जागेला हात लावायचा नाही. गाठ खालच्या बाजूने काढू.”

मी समोर बघितलं. नर्सने ते चित्र दोन्ही हातांनी पोटाशी कवटाळलं होतं, गुडघे वाकवलेले, ते सुंदर डोळे विस्फारलेले, आणि ती सगळ्या ऑपरेशन थिएटरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, “काका, धरलाय ओ मी, नाय पडत!”